विमानारोहणक्रम आणि नियमित प्रवासी योजना

विमानारोहणक्रम म्हणजे विमानतळावरील प्रवेशद्वारापासून विमानातील आसनापर्यंत प्रवाशांना कोणत्या क्रमाने सोडावयाचे, याविषयी विमान कंपनीने ठरविलेली व्यवस्था होय. व्यवहारात या टप्प्याला 'बोर्डिंग' म्हणतात. नियमित प्रवासी योजना म्हणजे एकाच कंपनीने वा तिच्या सहकारी कंपन्यांनी वारंवार प्रवास करणाऱ्यांना पॉइंट देऊन त्यांच्या मोबदल्यात तिकिटे व सवलती देण्याची पद्धत होय. प्रारंभी या दोन बाबी स्वतंत्र होत्या. विमान लवकर भरावे हा पहिलीचा हेतू, तर ग्राहक टिकावा हा दुसरीचा. आज मात्र रांगेतील स्थान बऱ्याच अंशी तिकिटाच्या वर्गावर आणि योजनेतील श्रेणीवर ठरते. त्यामुळे रांगेतील कोणते स्थान हक्काने मिळते आणि कोणते कंपनीच्या मर्जीने, हे समजून घेणे प्रवाशाच्या हिताचे असते.

पार्श्वभूमी

भारतातील नियोजित हवाई वाहतुकीचा आरंभ मुंबईशी निगडित आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी 'पस मॉथ' जातीचे छोटे विमान कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूच्या धावपट्टीवर आणले. त्या उड्डाणात टपाल होते. प्रवाशांची रांग लावण्याचा प्रश्नच नव्हता. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलच्या 'मलबार प्रिन्सेस' या विमानाने मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला पहिले उड्डाण केले. १९५३ मध्ये या व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाले. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटा समूहाकडे आली.

एअर इंडियाचे बोधचिन्ह असलेला 'महाराजा' १९४६ मध्ये मुंबईतच जन्मला. कंपनीचे अधिकारी बॉबी कूका आणि जाहिरात संस्थेतील चित्रकार उमेश राव हे त्याचे निर्माते होत. नरिमन पॉइंट येथील एअर इंडिया इमारतीत २०१३ पर्यंत कंपनीचे मुख्यालय होते. कंपनीच्या नियमित प्रवासी योजनेला आता याच महाराजाचे नाव देण्यात आले आहे.

आरोहणाचा प्रचलित क्रम

कंपनीगणिक तपशील बदलत असला, तरी भारतातील क्रम सर्वसाधारणपणे पुढीलप्रमाणे असतो :

१. चाकाच्या खुर्चीची वा अन्य साहाय्याची गरज असलेले प्रवासी, तसेच तान्ह्या मुलांसह प्रवास करणारे.
२. बिझनेस वर्गाचे प्रवासी आणि योजनेतील वरच्या श्रेणीचे सभासद.
३. अग्रक्रमाचे शुल्क स्वतंत्रपणे भरलेले प्रवासी.
४. उर्वरित प्रवासी, बोर्डिंग पासवर छापलेल्या गटाच्या वा विभागाच्या क्रमानुसार.

यांपैकी पहिला गट गरजेवर आधारलेला आहे. दुसरा आणि तिसरा गट व्यापारी आहे. चौथ्या गटाचा क्रम प्रामुख्याने व्यवस्थेच्या सोयीसाठी असतो.

हा क्रम पुलासारख्या मार्गिकेतून थेट विमानात जाताना बऱ्यापैकी पाळला जातो. प्रवाशांना बसने विमानापर्यंत नेल्यास मात्र तो विसकटतो, कारण पहिल्या बसमध्ये आधी चढलेला प्रवासी अनेकदा आत अडकतो आणि शेवटी चढलेला प्रथम उतरतो.

बहुतेक भारतीय कंपन्या देशांतर्गत उड्डाणाच्या साधारणपणे २५ मिनिटे आधी प्रवेशद्वार बंद करतात. तिकिटावरील वेळ ही विमान सुटण्याची असते, चढण्याची नव्हे. श्रेणी कितीही वरची असली, तरी दार बंद झाल्यावर तिचा उपयोग होत नाही.

आरोहणाच्या पद्धती

एअरबस ए-३२० सारख्या विमानात एकच अरुंद मार्गिका असून तिच्या दोन्ही बाजूंना ३-३ आसने असतात. सर्व आसने इकॉनॉमी वर्गाची असल्यास त्यांची संख्या साधारणतः १८० असते. वेळ लागतो तो चालण्यास नव्हे, तर सामान वरच्या कप्प्यात ठेवण्यास आणि आधी बसलेल्यांना उठवून आत सरकण्यास. एक प्रवासी सामान ठेवण्यासाठी थांबला की मागची सर्व रांग थांबते. त्यामुळे क्रमाची रचना पुढील पद्धतींनी केली जाते :

मागून पुढे : शेवटच्या ओळींतील प्रवाशांना प्रथम सोडतात. ही पद्धत तर्काला पटणारी असली, तरी एकाच भागातील प्रवासी एकाच वेळी मार्गिकेत गर्दी करतात आणि अपेक्षित वेळ वाचत नाही.

खिडकी, मधले, मार्गिका : खिडकीजवळचे प्रवासी प्रथम, नंतर मधल्या आसनांचे व शेवटी मार्गिकेलगतचे. यात कोणाला उठवावे लागत नाही. अमेरिकेतील युनायटेड एअरलाइन्सने ऑक्टोबर २०२३ मध्ये इकॉनॉमी वर्गासाठी ही पद्धत पुन्हा सुरू केली.

स्टेफन पद्धत : खगोलभौतिकशास्त्रज्ञ जेसन स्टेफन यांनी २००८ मध्ये मांडलेली. यात खिडकीजवळचे प्रवासी एकाआड एक ओळ सोडून मागून पुढे पाठविले जातात. त्यामुळे अनेकांना एकाच वेळी सामान ठेवता येते. पुढे ७२ प्रवाशांसह घेतलेल्या प्रयोगात ही पद्धत सर्वांत जलद ठरली. विशेष म्हणजे कोणताही क्रम न लावता सोडलेले प्रवासीदेखील मागून पुढे गटागटाने सोडलेल्यांपेक्षा लवकर स्थानापन्न झाले.

तरीही सर्वांत जलद पद्धत प्रत्यक्षात क्वचितच वापरली जाते. कुटुंबातील माणसांना एकमेकांपासून तोडून रांगेत उभे करणे व्यवहार्य नसते, हे एक कारण. दुसरे कारण व्यापारी आहे. लवकर चढणाऱ्याला हातातील सामानासाठी डोक्यावरच्या कप्प्यात हमखास जागा मिळते. भारतात इकॉनॉमी वर्गासाठी साधारणतः ७ किलोंची एक पिशवी आत नेता येते. विमान भरलेले असेल, तर उशिरा चढणाऱ्याची पिशवी मालकक्षात पाठविली जाण्याचा संभव असतो. ही गैरसोय टाळण्याची किंमत प्रवासी देऊ शकतो. म्हणून क्रम हीच एक विक्रेय वस्तू ठरते.

नियमित प्रवासी योजनांचा उदय

१९७८ मध्ये अमेरिकेत हवाई वाहतुकीवरील सरकारी नियंत्रणे उठविण्यात आली आणि कंपन्यांमध्ये स्पर्धा सुरू झाली. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने 'ए-अॅडव्हांटेज' ही योजना आणली. त्याच महिन्यात युनायटेड एअरलाइन्सची योजनाही सुरू झाली. उडालेल्या मैलांची नोंद होत असल्याने 'माइल्स' हा शब्द रूढ झाला.

भारतात एअर इंडियाची 'फ्लाइंग रिटर्न्स' आणि मुंबईस्थित जेट एअरवेजची 'जेटप्रिव्हिलेज' या योजना दीर्घकाळ प्रसिद्ध होत्या. जुलै २०१४ मध्ये एअर इंडिया 'स्टार अलायन्स' या जागतिक संघात सामील झाली. त्यामुळे संघातील लुफ्तान्सा, युनायटेड, सिंगापूर एअरलाइन्स इत्यादी कंपन्यांच्या पात्र तिकिटांवरील पॉइंट एअर इंडियाच्या खात्यात जमा करता येऊ लागले. २०२४ मध्ये 'फ्लाइंग रिटर्न्स'ची पुनर्रचना झाली. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा कंपनी एअर इंडियात विलीन झाली आणि दोन्ही योजना एकत्र येऊन 'महाराजा क्लब' हे नाव रूढ झाले. तिच्या श्रेणी रेड, सिल्व्हर, गोल्ड व प्लॅटिनम अशा आहेत.

२००६ पासून उड्डाणे करणारी इंडिगो प्रदीर्घ काळ एकाच वर्गाची, काटकसरीची कंपनी म्हणून ओळखली जात होती. २०२४ मध्ये तिने 'ब्लूचिप' ही योजना आणली आणि त्याच वर्षी दिल्ली-मुंबई मार्गावर बिझनेस वर्ग सुरू केला. वर्गभेद आणि पॉइंट योजना एकमेकींच्या सोबतीने येतात, याचे हे अलीकडील उदाहरण होय.

पॉइंट कसे मिळतात

जुन्या पद्धतीत अंतराला महत्त्व होते. मुंबई-दिल्ली हवाई अंतर सुमारे १,१४० किलोमीटर, म्हणजे सुमारे ७०० मैल आहे. केवळ अंतर मोजल्यास ४,००० रुपये देणारा आणि १२,००० रुपये देणारा अशा दोघांच्याही खात्यात सारखेच मैल जमा होतील. नव्या पद्धतीत खर्चाला महत्त्व आहे. उदाहरणादाखल १०० रुपयांस ५ पॉइंट असा दर धरल्यास पहिल्यास २०० आणि दुसऱ्यास ६०० पॉइंट मिळतील. स्वस्त तिकीट शोधणाऱ्या कुटुंबाला या बदलाचा लाभ कमी होतो, तर कार्यालयाच्या खर्चाने फिरणाऱ्या प्रवाशाला अधिक होतो.

पॉइंट मोजताना सामान्यतः मूळ भाडे आणि कंपनीचे अधिभार धरले जातात. शासकीय कर व विमानतळ शुल्क धरले जात नाही. बँकांच्या संयुक्त क्रेडिट कार्डांवरील खरेदीतूनही पॉइंट मिळतात. मात्र त्यासाठी कार्डाचे वार्षिक शुल्क आणि थकबाकीवरील व्याज लक्षात घ्यावे लागते. थकबाकीवर व्याज भरून मिळविलेला पॉइंट बहुधा तोट्याचाच असतो.

पॉइंट दोन प्रकारचे असतात. खर्च करावयाचे पॉइंट तिकिटासाठी वापरता येतात. श्रेणी ठरविणारे पॉइंट ठरावीक कालावधीत मोजले जातात आणि त्यांवर रांगेतील अग्रक्रम, विश्रांतिकक्ष, जादा सामान हे लाभ अवलंबून असतात. खात्यात पुष्कळ पॉइंट शिल्लक असूनही श्रेणी खालची असू शकते, ती यामुळेच.

एका प्रवासाचे पॉइंट एकाच योजनेत जमा होतात. परदेशी शिकणारी मुले आणि त्यांना भेटण्यास जाणारे पालक निरनिराळ्या कंपन्यांची तिकिटे काढतात. एकाच संघातील एक योजना निवडल्यास त्यांचे पॉइंट विखुरत नाहीत. तिकिटावरील नाव सभासद खात्यातील नावाशी जुळणे आवश्यक असते. मराठी पद्धतीनुसार पारपत्रात वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये असते आणि खात्यात ते नसते. अशा वेळी नोंद अडू शकते. राहिलेली नोंद मागण्यासाठी बोर्डिंग पास जपून ठेवणे उपयुक्त ठरते.

पॉइंटचे मूल्य आणि कंपनीची अखेर

पॉइंट ही बँकेतील ठेव नव्हे. योजनांच्या अटींनुसार कंपनी दर बदलू शकते, मुदत ठरवू शकते आणि योजना बंदही करू शकते. बऱ्याच योजनांत पॉइंट विकण्यास मनाई असते. सभासदाच्या मृत्यूनंतर ते वारसांस मिळतातच असे नाही.

ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशर एअरलाइन्सची उड्डाणे थांबली आणि तिच्या 'किंग क्लब' योजनेतील साठा सभासदांच्या दृष्टीने निरुपयोगी झाला. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजची उड्डाणे थांबली, तेव्हा चित्र वेगळे दिसले. 'जेटप्रिव्हिलेज' ही योजना स्वतंत्र कंपनीकडे होती आणि तिच्यात इतिहाद एअरवेजचा ५०.१ टक्के वाटा होता. त्यामुळे ती योजना टिकली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये 'इंटरमाइल्स' या नावाने पुढे चालू राहिली. विमान कंपनी मात्र सावरली नाही. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिच्या अवसायनाचा आदेश दिला. पॉइंट कोणाच्या ताब्यात आहेत यावर त्यांचे भवितव्य ठरते, हे या दोन घटनांवरून दिसते. साठवून ठेवण्यापेक्षा वेळीच वापरणे हिताचे मानले जाते.

प्रवाशांचे हक्क

काही बाबी श्रेणीवर अवलंबून नसतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार आसनांपेक्षा अधिक तिकिटे विकली गेली असल्यास कंपनीने प्रथम स्वेच्छेने थांबणारे प्रवासी शोधावे लागतात. निश्चित तिकीट असलेल्या व वेळेवर आलेल्या प्रवाशास इच्छेविरुद्ध थांबविल्यास आणि एका तासाच्या आत सुटणाऱ्या विमानात जागा न दिल्यास भरपाई द्यावी लागते. पर्यायी विमान २४ तासांच्या आत असल्यास एकेरी मूळ भाडे व इंधन अधिभाराच्या २०० टक्के, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशिरा असल्यास ४०० टक्के, कमाल २०,००० रुपये अशी ही भरपाई आहे.

१२ वर्षांपर्यंतच्या मुलांना एकाच आरक्षणावरील किमान एका पालकाजवळ आसन द्यावे, असे निर्देश एप्रिल २०२४ मध्ये देण्यात आले. अपंगत्वाच्या कारणास्तव प्रवाशाला विमानात प्रवेश नाकारता येत नाही; प्रवासात प्रकृती बिघडेल असे वाटल्यास कंपनीने आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी, अशी तरतूद २०२२ मध्ये झाली.

साहाय्याचा अग्रक्रम हा सौजन्याचा विषय नसल्याचे फेब्रुवारी २०२४ मधील मुंबई विमानतळावरील घटनेने दाखवून दिले. न्यूयॉर्कहून आलेल्या ८० वर्षांच्या प्रवाशाने आणि त्यांच्या पत्नीने चाकाच्या खुर्च्या मागितल्या होत्या. एकच उपलब्ध झाल्याने ते चालत निघाले, वाटेत कोसळले आणि मरण पावले. महासंचालनालयाने या प्रकरणी एअर इंडियास ३० लाख रुपये दंड केला.

दक्षिण व मध्य मुंबईतील प्रवासी

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतील प्रवाशांसाठी विमानतळावर पोहोचण्याची वाट २०२५ मध्ये बदलली. ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेड ते आरे ही भुयारी मेट्रो-३ पूर्ण लांबीने सुरू झाली. ३३.५ किलोमीटरच्या या मार्गावर गिरगाव आणि दादर ही स्थानके आहेत, तसेच विमानतळाच्या टर्मिनल १ आणि टर्मिनल २ साठी स्वतंत्र स्थानके आहेत.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि डिसेंबर २०२५ मध्ये तेथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. परळ-लालबागच्या रहिवाशांना शिवडीहून निघणाऱ्या अटल सेतूमुळे हा विमानतळ तुलनेने जवळचा झाला आहे. मात्र एकाच महानगरासाठी दोन विमानतळ झाल्याने तिकिटावरील संकेताक्षरे तपासणे आवश्यक ठरते. जुन्या विमानतळाचा संकेत बीओएम, तर नव्याचा एनएमआय असा आहे. चुकीच्या विमानतळावर पोहोचलेल्या प्रवाशाला खाडी ओलांडून दुसरीकडे जाईपर्यंत दार बंद झालेले असण्याचीच शक्यता अधिक.

टीका

अग्रक्रमाच्या गटांची संख्या वाढत गेल्याने अग्रक्रमाला अर्थ उरत नाही, अशी टीका होते. निम्मी रांग 'प्राधान्या'ची असेल, तर उरलेल्या निम्म्या रांगेचा वेळ वाढतो आणि विमान भरण्याचा एकूण वेळही कमी होत नाही. पॉइंट योजनांवरील दुसरा आक्षेप असा की, त्यांतील सवलतींचा खर्च अंतिमतः सर्वांच्या भाड्यातून निघतो, लाभ मात्र वारंवार उडणाऱ्या थोड्यांना मिळतो. योजनांच्या समर्थकांच्या मते बिझनेस वर्ग व नियमित प्रवासी यांच्याकडून मिळणाऱ्या उत्पन्नामुळे अनेक मार्ग चालू राहू शकतात.

हेही पहा

एअर इंडिया
जे. आर. डी. टाटा
जेट एअरवेज
छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ
नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ
मुंबई मेट्रो मार्ग ३