तुलनेची ४७ गावं

एखादी गोष्ट घडली, एवढ्यावरून तिचं कारण सिद्ध होत नाही. बल्लारपूरच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातला प्रयोग बघा. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत आरोग्यदूत बायकांकडून नवजात बाळांची घरीच काळजी घेतली. हजार जन्मांमागे नवजात मृत्यू ६२ होते. तिसऱ्या वर्षी २५.५ झाले.

पण ते वर्षच बरं गेलं असेल तर? ही शंका मिटवली तुलनेच्या ४७ गावांनी. तिथे नेहमीच्या सेवाच होत्या. आकडा ५८ वरून ५९.६ झाला. निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले.

त्या ४७ गावांतही बाळं दगावत होती, हे विसरू नका. पुराव्याची किंमत असते. म्हणून आराखडा करतानाच स्वतःला विचारा: माझी तुलना कशाशी?