रद्दीतील रहस्ये



इंदूरच्या खजुरी बाजारात जुन्या पुस्तकांचे ढीग उपसीत बसलेला मनुष्य दिसला, की तो एखाद्या दुर्मिळ ग्रंथाच्या शोधात असावा असे आपल्याला वाटते. पुष्कळदा मात्र त्याला हवी असते एखादी फाटकी रहस्यकथा, नाहीतर एके काळी चित्रपटगृहात आण्या-दोन आण्यांना मिळणारे गाण्यांचे चोपडे. घरची मंडळी या छंदाला रद्दी जमविणे म्हणतात. या रद्दीची बाजू आज मांडावयाची आहे, आणि तीही इंदूरशीच निगडित असलेल्या एका उदाहरणाने.

१२ जानेवारी १९२५ रोजी सायंकाळी मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या धनिक व्यापाऱ्याच्या मोटारीवर हल्ला झाला. त्याच्यासोबत मुमताज बेगम होती. इंदूर दरबारातील ही नर्तकी तेथून निसटून आली होती, आणि तिला पळवून नेण्याचा हा बेत होता. बावला गोळ्यांनी ठार झाला. मुमताजच्या चेहऱ्यावर वार झाले. गोल्फ खेळून परतणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी योगायोगाने तेथे येऊन पोचले, म्हणूनच ती वाचली. मुंबई हायकोर्टात नऊ आरोपींवर खटला चालला. त्यांतील एकाच्या बचावाचे काम बॅरिस्टर जीनांकडे होते. तिघांना फाशीची शिक्षा फर्मावण्यात आली. महाराज तिसरे तुकोजीराव होळकर यांच्यावर खटला झाला नाही. चौकशीला सामोरे जावे अथवा गादी सोडावी, असे सरकारने सुचविले, आणि १९२६ साली त्यांनी राज्यत्याग केला. त्यांचा या प्रकरणाशी संबंध किती, याचा निवाडा कोणत्याही न्यायालयात झाला नाही.

ही हकीकत ताजी असतानाच, १९२५ सालीच, मुंबईच्या कोहिनूर फिल्म कंपनीने होमी मास्टर यांच्या दिग्दर्शनाखाली तिच्यावर 'कुलीन कांता' हा मूकपट काढला. तो आज पाहावयास मिळत नाही. त्या काळची नायट्रेट फिल्म चटकन पेट घेई, न पेटली तरी कुजे, आणि पुष्कळ प्रती तर आतील चांदीच्या मोहाने गाळल्या गेल्या. देशात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. पूर्ण वा त्रुटित स्वरूपात त्यांतले तीसही उरले नाहीत. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले १९६४ साली. तोवर फार उशीर झाला होता. तेव्हा अशा चित्रपटाची साक्ष द्यावयास उरतात ती जाहिराती, छायाचित्रे आणि हस्तपत्रके, म्हणजे आपली रद्दीच.

रहस्यकथांचीही गत वेगळी नाही. गोपालराम गहमरींचे 'जासूस' हे हिंदी मासिक १९०० साली निघाले. इब्ने सफींची 'जासूसी दुनिया' १९५२ साली अलाहाबादहून सुरू झाली. मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड घरोघरी पोचले. पण ज्या स्वस्तपणामुळे ही पुस्तके घरोघरी गेली, त्यानेच त्यांचा घात केला. लाकडाच्या लगद्याच्या हलक्या कागदात आम्ल असते. त्याने पाने तांबूस होतात आणि बोट लावताच तुटतात. शिवाय दहा हातांतून फिरलेली प्रत जपून ठेवावी, असे कोणाच्या मनात येणार?

म्हणून संग्राहकाने थोडी शिस्त पाळावी. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावू नये. मुखपृष्ठ आवडले म्हणून ते कापून भिंतीवर लावू नये. वाचनालयाचा शिक्का, किंमत आणि मागील जाहिरात तशीच राहू द्यावी. वस्तू कोठे आणि केव्हा मिळाली, याची नोंद वेगळ्या कागदावर करावी. नोंदीविना वस्तू ही साक्षीदाराविना पुराव्यासारखी असते.

आणखी एक गोष्ट विसरू नये. बावला प्रकरण पडद्यावर करमणूक झाले, पण तो एका माणसाचा खून होता. आणि मुमताजने चेहऱ्यावरील जखमांसह न्यायालयात साक्ष दिली होती. चित्रपटाचे हस्तपत्रक जपावेच; मात्र त्याच्याशेजारी त्या खटल्याच्या वृत्तान्ताचे कात्रणही ठेवावे. एकात लोकांना काय पाहावयास आवडले ते दिसेल, दुसऱ्यात काय घडले ते. इतिहासाला दोन्ही हवीत. घरातील माळा साफ करताना एवढे ध्यानात असू द्यावे.