शिंपल्यांच्या खिडक्या

वटार-निर्मळकडून वसईच्या किल्ल्यात गेलेल्या आपल्या माणसांचे लक्ष पडक्या चर्चच्या कमानींकडे आणि कबरींवरील कोरीव शिळांकडे जाते. भिंतींतील खिडक्यांपाशी सहसा कोणी थांबत नाही, कारण तेथे आता चौकोनी पोकळीखेरीज काही उरलेले नाही. त्या पोकळीत एके काळी काय होते, हे मात्र एका इंग्रजाने लिहून ठेवले आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर १६७५ साली वसईत आला होता. त्याचे प्रवासवर्णन १६९८ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. छपरीदार सज्जे आणि मोठमोठ्या खिडक्या असलेली दुमजली घरे त्याने येथे पाहिली. त्या खिडक्यांना काच नव्हती. कोठे लाकडी जाळी होती, तर कोठे शिंपल्यांची तावदाने. हिंदुस्थानातील पोर्तुगीजांची हीच रीत असल्याचेही तो नोंदवतो.

१७३९ मध्ये वसई चिमाजी अप्पांच्या हाती आली, पुढे शहर ओस पडले आणि ती तावदाने नाहीशी झाली. गोव्याच्या जुन्या घरांत मात्र ती अजून पाहावयास मिळतात. चपट्या, तळहाताएवढ्या शिंपल्याच्या कडा कापून त्याचा चौकोन करावयाचा आणि लाकडी पट्ट्यांच्या खाचेत तो सरकवून बसवावयाचा, अशी ती पद्धत. युरोपातून काच आणणे खर्चाचे, वाटेत फुटण्याचे भय वेगळेच. शिंपले येथल्या खाड्यांत मिळत. शिवाय दुपारचे ऊन त्यांतून दुधाळ होऊन आत येई.

अशा खोलीत बसलेल्या माणसास वाचण्यापुरता उजेड मिळे. पण बाहेर रस्त्यावरून कोण चालले आहे, हे त्याला दिसत नसे. हा भेद आम्हांस महत्त्वाचा वाटतो. प्रकाश पार जाणे आणि दृष्टी पार जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीपुरतेच जे साधते ते अर्धपारदर्शक. दुसरीही साधते तेच पारदर्शक. आपण बोलताना दोन्हींस एकच शब्द वापरतो आणि तेथेच फसगत होते.

शास्त्रीय कारण तसे सोपे आहे. तो शिंपला जवळजवळ नव्व्याण्णव टक्के कॅल्साइटचा, म्हणजे चुनखडीच्या स्फटिकाचा असतो. स्फटिक निर्मळ असला तरी त्याचे असंख्य पातळ थर एकावर एक रचलेले असल्याने किरण आत येताना आपली मूळ वाट सोडतात. उजेड पोहोचतो, चित्र विसकटते. मिठागरात याहून सोपा दाखला मिळेल. मिठाचा एक चांगला खडा घेऊन पाहावा, तो काचेसारखा असतो. त्याच मिठाची रास मात्र पांढरीशुभ्र, कारण प्रत्येक कणाच्या पृष्ठभागावर किरण वळतो आणि परततो. याउलट भजी गुंडाळलेल्या कागदावर तेल पसरले की तेवढा भाग उजळतो. तेलाने तंतूंमधील पोकळ्या भरून निघतात आणि किरणाला पदोपदी वळावे लागत नाही.

वस्तू पारदर्शक आहे असे म्हणताना ती कशासाठी पारदर्शक, हेही सांगावयास हवे. खिडकीची साधी काच दृश्य प्रकाश सोडते, पण त्वचा भाजणारे बहुतेक अतिनील किरण अडवते. १८९५ साली रॉण्टगेनने आपल्या पत्नीच्या हाताचे क्ष-किरण चित्र घेतले, तेव्हा त्या किरणांना मांस पारदर्शक ठरले आणि बोटातील अंगठी अपारदर्शक. प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायात स्वर्गीय नगरीचा रस्ता पारदर्शक काचेसारख्या शुद्ध सोन्याचा असल्याचे वर्णन आहे. हे निव्वळ कविकल्पनेचे वाटेल; परंतु सोन्याचा अतिशय पातळ वर्ख उजेडासमोर धरला, तर त्यातून खरोखरच हिरवट प्रकाश पार येतो. संत योहानाला हे ठाऊक असण्याचे कारण नाही, पण योगायोग मोठा गोड आहे.

मराठी मुलखात काच घरगुती झाली ती विसाव्या शतकात. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून जमवलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काच कारखाना उभा राहिला. पुढे ओगल्यांच्या कारखान्याचा प्रभाकर कंदील गावोगाव पोहोचला. तिन्हीसांजेला राखेने कंदिलाची काच पुसणे हे ज्यांचे बालपणीचे काम होते, त्यांना काजळी धरलेली काच म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको.

पारदर्शकता मोजता येते, हे दाखवून देणारा एक धर्मगुरू होता. येशूसंघीय फादर आंजेलो सेक्की हे रोमच्या वेधशाळेचे प्रमुख. २० एप्रिल १८६५ रोजी पोपमहाशयांच्या ‘निष्कलंक गर्भसंभव’ या नावाच्या जहाजावरून त्यांनी भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या दोरीने खाली सोडल्या आणि तबकडी दिसेनाशी होते ती खोली नोंदवली. आजही जगभर तळ्यांचे पाणी तपासताना ‘सेक्की तबकडी’ वापरतात. साधन इतके साधे की आपल्या वाडीतील बावखलातही एखादी पांढरी बशी दोरीला बांधून हा प्रयोग करता येईल. अर्थात बावखल बुजवलेले नसेल तर. पाणी वरून चकाकते म्हणून ते स्वच्छ, असे सेक्कींनी मानले नाही. किती हात खोलवरचे दिसते, एवढेच त्यांनी विचारले.

हाच प्रश्न आता सार्वजनिक व्यवहारास लावून पाहू. ‘आमचा कारभार पारदर्शक आहे’ हे वाक्य हल्ली पतपेढीपासून महापालिकेपर्यंत सर्वत्र ऐकू येते. वार्षिक सभेत जमा इतकी, खर्च इतका, शिल्लक इतकी, असे तीन आकडे वाचले जातात आणि टाळ्या पडतात. हा शिंपल्यातून आलेला उजेड होय. राजस्थानात १९९४ पासून मजदूर किसान शक्ती संघटनेने ज्या जनसुनावण्या घेतल्या, त्यांत एकूण रक्कम नव्हे, तर हजेरीपटावरील एकेक नाव गावासमोर वाचले गेले, आणि जे कधी कामावर गेलेच नव्हते त्यांची नावे त्यांच्याच कानांवर पडली. महाराष्ट्राचा माहिती अधिकार कायदा २००२ चा आणि देशाचा २००५ चा. या दोहोंमागे तशा वाचनाचे बळ आहे. चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतही याचा विचार आहे. प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असावी असे कलम ५३७ सांगते, आणि भाविकांनी अर्पण केलेल्या द्रव्याचा हिशेब भाविकांना द्यावा असे कलम १२८७. ज्यांच्या केळीच्या आणि फुलांच्या वाड्यांतून ते दान आले, त्यांनी तपशील विचारणे हा अविश्वास नव्हे. तशी कुजबुज मात्र होते, आणि ती ऐकून पुष्कळ जण गप्प बसतात.

म्हणून सर्वच भिंती काचेच्या कराव्यात, असे आमचे म्हणणे नाही. कोणाच्या घरी मदतीचे तांदूळ गेले, कोणाच्या मुलीच्या शिक्षणाला हातभार लागला, ही नावे फलकावर लावणे हा पारदर्शकपणा नसून दुखावणे आहे. तेथे रक्कम दिसावी, चेहरा दिसू नये. शिंपल्याचे तावदान तेथे शोभते. मिलानचे आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमिओ यांनी १५७७ साली चर्चच्या बांधणीविषयी जे नियमपुस्तक काढले, त्यात पापनिवेदनाच्या आसनाचीही रचना ठरवून दिली: धर्मगुरू आणि प्रायश्चित्त घेणारा यांच्यामध्ये बारीक छिद्रांचा पत्रा, आणि त्यावर धर्मगुरूच्या बाजूने पातळ कापड. आवाज पलीकडे पोहोचावा, नजर पोहोचू नये, अशी ती योजना होती.