संततिनियमन आणि गुप्तरोग : एका विसरलेल्या नात्याचा इतिहास

कुटुंबनियोजनाचा विषय निघाला की लोकसंख्येचे आकडे पुढे मांडले जातात. स्त्रीपुरुषांस जडणाऱ्या गुप्तरोगांविषयी मात्र मौन पाळले जाते. हे मौन आरंभापासूनचे नव्हे, इकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्यांनी संततिनियमनावर ग्रंथ लिहिला, तसाच ‘गुप्तरोगांपासून बचाव’ हाही लिहिला. १९२७ पासून १९५३ साली देहावसान होईपर्यंत चालविलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात त्यांनी या दोन्ही विषयांची उघड चर्चा केली. संततिनियमनाच्या कार्यापायी त्यांस प्राध्यापकी सोडावी लागली आणि मासिकापायी खटलेही सोसावे लागले.

१९५२ साली भारताने सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम हाती घेतला. जगात असे करणारे ते पहिले राष्ट्र होय. परंतु पुढे शस्त्रक्रिया व तांबी यांची उद्दिष्टे गाठण्यावरच भर राहिला. अंगी संसर्ग असता तांबी बसविली, तर तो गर्भाशयात व गर्भनलिकांत पसरण्याचा धोका वाढतो. त्यातून वंध्यत्वही येऊ शकते. ज्या स्त्रीला पुढे मूल हवे आहे, तिच्यावर याहून मोठा आघात कोणता?

या दुर्लक्षाचे माप डॉ. राणी व अभय बंग यांच्या गडचिरोलीतील पाहणीने दाखविले. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ती प्रसिद्ध झाली. दोन गावांतील ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांस स्त्रीरोग आढळले. निम्मे विकार जननमार्गाच्या संसर्गाचे होते. ते सारेच लैंगिक संबंधातून आलेले नव्हते, हे खरे. पण यापूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या!

१९९४ साली कैरो येथील परिषदेत १७९ राष्ट्रांनी कुटुंबनियोजन व गुप्तरोगांचा प्रतिबंध एकाच आरोग्यसेवेत गुंफण्याचे मान्य केले. १९९६ साली भारताने वरून लादलेली उद्दिष्टे रद्द केली आणि १९९७ च्या प्रजनन व बालआरोग्य कार्यक्रमात या सेवेचा समावेश केला.

तथापि, धोरण बदलले म्हणून संकोच सरत नाही. गोळ्या व शस्त्रक्रिया गर्भधारणा टाळतात, रोग नव्हे. निरोध दोहोंपासून रक्षण करतो. तसेच पत्नीवर उपचार करून पतीस मोकळे सोडले, तर रोग पुन्हा तिच्याच वाट्याला येतो. म्हणून, आमच्या मते, केंद्राची पायरी उभयतांनी मिळून चढली पाहिजे. कर्व्यांनी शतकापूर्वी जोडलेले नाते तेव्हाच सार्थ होईल.