नाव आणि संख्या : भारतीय युद्धस्मारकांचा एक विचार

प्रस्तावना :
युद्धस्मारक हे केवळ वास्तुशिल्प नसते. कोणाचे बलिदान राष्ट्राने आपले मानावे आणि ते कोणत्या रूपात जपावे, याचा निर्णय त्यातून व्यक्त होतो. प्रस्तुत लेखात स्मारकावरील सैनिकाच्या नावाच्या आधारे या निर्णयाचे बदलते स्वरूप तपासले आहे.

साम्राज्यकालीन स्मारके :
पहिल्या महायुद्धात आणि १९१९ च्या तिसऱ्या अफगाण युद्धात धारातीर्थी पडलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ एडविन ल्युटेन्स यांनी इंडिया गेटची रचना केली. १९२१ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या हस्ते कोनशिला बसविण्यात आली. १२ फेब्रुवारी १९३१ रोजी लॉर्ड आयर्विन यांनी अनावरण केले. सुमारे ७० हजार मृतांचे हे स्मारक असले, तरी त्यावर कोरलेली नावे १३ हजारांहून थोडी अधिक आहेत. इराकमधील बसरा स्मारकावर तर ब्रिटिश सैनिकांची नावे आली. सामान्य भारतीय शिपाई मात्र पलटणीपुढील आकड्यातच उरला. स्मरणातील ही विषमता राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये मान्य करून क्षमा मागितली.

स्वातंत्र्योत्तर स्मारके :
१९७१ च्या युद्धानंतर २६ जानेवारी १९७२ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते इंडिया गेटच्या कमानीखाली अमर जवान ज्योतीचे उद्घाटन झाले. उलटी उभी बंदूक आणि तीवरील शिरस्त्राण हे निनावी सैनिकाचे प्रतीक होते. साम्राज्याच्या वास्तूला स्वतंत्र राष्ट्राने अशा रीतीने नवा अर्थ दिला. परंतु स्वातंत्र्योत्तर हुतात्म्यांची नावे तेथे नव्हती. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुल्या झालेल्या राष्ट्रीय समर स्मारकाने ही उणीव भरून काढली. त्यातील त्यागचक्रात सुमारे २६ हजार हुतात्म्यांची नावे ग्रॅनाइटवर कोरण्यात आली. २१ जानेवारी २०२२ रोजी अमर जवान ज्योती तेथील ज्योतीत विलीन करण्यात आली.

निष्कर्ष :
आकडा, प्रतीक आणि नाव असा हा प्रवास आहे. नावामुळे शिपाई आणि अधिकारी यांना स्मरणात समान स्थान मिळते. तथापि, नव्या स्मारकाची नामावली १९४७ पासूनची आहे. त्यापूर्वी परक्या सत्तेसाठी लढलेला शिपाई स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात बसत नाही, आणि साम्राज्यानेही त्याला पुरते आपले मानले नाही. त्याने कोणासाठी प्राण दिले याविषयी मतभेद संभवतात. त्याला नाव होते, याविषयी संभवत नाहीत. पलटणींची दप्तरे आणि गावोगावच्या स्मृतिशिला यांतून ती नावे शोधणे हे इतिहास-अध्यापकांचे व संशोधकांचे कर्तव्य ठरते.