पिकल, जेसन की मेसेजपॅक? पायथॉनमध्ये डेटा सेव्ह करायला काय वापरायचं?

फोनवर पायथॉन शिकणारे बरेच जण मला विचारतात, "सर्वात फास्ट लायब्ररी कोणती?" मी आधी उलट विचारतो: डेटा कुठून येतोय आणि किती वर्षं टिकवायचाय? वेगाचं त्यानंतर बघू.

सीरियलायझेशन म्हणजे काय?
प्रोग्रामच्या मेमरीतली माहिती फाईलमध्ये ठेवता येईल किंवा नेटवरून पाठवता येईल अशा बाइट्समध्ये बदलणं, एवढंच.

१) जेसन
२००८ च्या पायथॉन २.६ पासून हे पायथॉनसोबतच मिळतं, वेगळं इन्स्टॉल करावं लागत नाही. फाईल उघडून डोळ्यांनी वाचताही येते. पण मराठीसाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. 'आशा' हे नाव डिफॉल्ट सेटिंगमध्ये अवतरणचिन्हांसह २० बाइट घेतं, कारण प्रत्येक अक्षरचिन्हाचा सहा बाइटांचा कोड लिहिला जातो. 'एन्शुअर अ‍ॅस्की' हा पर्याय बंद केला आणि फाईल यूटीएफ-८ मध्ये लिहिली, की तेच नाव ११ बाइटांत बसतं.

२) ओआरजेसन
रस्ट भाषेत लिहिलेली, जेसनच देणारी वेगवान लायब्ररी. तारीख-वेळही थेट लिहिते, जे मूळ जेसन मॉड्यूल करत नाही. पण तुमच्या फोनसाठी तयार पॅकेज नसेल तर रस्टचा कंपायलर लागतो.

३) मेसेजपॅक
बायनरी फॉरमॅट, म्हणून आकार लहान. 'आशा' इथे १० बाइट. आकड्यांत आणि खरं-खोटं अशा किमतींत बचत आणखी दिसते. पायथॉन लायब्ररीची १.० आवृत्ती २०२० मध्ये आली आणि मजकूर व बायनरी डेटा वेगळा ठेवणं डिफॉल्ट झालं. त्याआधीच्या फाईली वाचताना सेटिंग तपासा.

४) पिकल
पायथॉनच्या जवळपास कुठल्याही ऑब्जेक्टला चालतं. पायथॉन ३.८ मधल्या प्रोटोकॉल ५ मुळे मोठा डेटा विनाकारण कॉपी होणं टाळता येतं. जुने प्रोटोकॉल नवं पायथॉनही वाचतं. म्हणजे परिपक्व आहे, पण सुरक्षित नाही! पिकल फाईल उघडताना तिच्यात लपवलेला कोड चालू शकतो. त्यामुळे ग्रुपवर आलेली किंवा अनोळखी साइटवरची '.पीकेएल' फाईल कधीच लोड करू नका, मग ती एआय मॉडेलची का असेना.

मग निवडायचं काय?
बाहेरून येणाऱ्या डेटासाठी जेसन. खूप डेटा पाठवायचा असेल तर मेसेजपॅक. पिकल फक्त स्वतःच्या तात्पुरत्या फाईलींसाठी. आणि वेगासाठी दुसऱ्याचे आलेख बघत बसू नका. पायथॉनमधलं 'टाइमइट' वापरून स्वतःच्याच डेटावर, स्वतःच्याच फोनवर मोजा. काहीशे नोंदींच्या छोट्या अ‍ॅपमध्ये फरक बहुधा जाणवणारही नाही.