दर्शनी खांब आणि रिकाम्या खाटा

अमेरिकेतील विद्यापीठांमध्ये ग्रीक अक्षरांची नावे धारण करणाऱ्या विद्यार्थिनींच्या संघटनांना सोरोरिटी म्हणतात आणि एकेका विद्यापीठातील त्यांच्या शाखेला चॅप्टर. या शाखांची लोकप्रियता ठरवण्यात त्यांच्या इमारतींचा मोठा वाटा असतो, हे सर्वांना ठाऊक असले तरी त्याचे श्रेय सहसा विद्यार्थिनींच्या हौसेला दिले जाते. इतिहास पाहता हौस नंतर आली. आधी आली राहण्याची अडचण, आणि अडचण दूर करण्यासाठी काढलेल्या कर्जातून इमारतीला जाहिरातीचे काम चिकटले.

१८६७ मध्ये इलिनॉयमधील मॉनमथ कॉलेजात बारा विद्यार्थिनींनी ‘आय. सी. सोरोसिस’ ही संघटना, म्हणजे पुढची पाय बीटा फाय, स्थापन केली, ती त्यांच्यापैकी दोघी ज्या घरात पैसे भरून राहत होत्या त्या घराच्या एका खोलीत. मुलींना प्रवेश देणाऱ्या अनेक विद्यापीठांनी त्यांच्यासाठी वसतिगृहे बांधण्याची तसदी घेतली नव्हती, त्यामुळे गावातील विधवांच्या किंवा प्राध्यापकांच्या घरी खोली मिळवणे हाच मार्ग उरत असे. १८८६ मध्ये सिरॅक्यूज येथे अल्फा फाय या संघटनेने स्वतःचे घर बांधले; विद्यार्थिनींच्या संघटनेने राहण्यासाठी स्वतः बांधलेले हे पहिले घर मानले जाते. याच अल्फा फायच्या सदस्य असलेल्या, दारूबंदी चळवळीच्या नेत्या फ्रान्सिस विलर्ड पंडिता रमाबाईंच्या चरित्रामुळे मराठी वाचकांना परक्या नाहीत. रमाबाई अमेरिकेत पोहोचल्या त्याही १८८६ मध्येच, आणि १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रवासवृत्तात तेथील स्त्रियांच्या संस्था उभारण्याच्या हातोटीचे जे कौतुक आहे, त्याच हातोटीचा हा एक घरगुती आविष्कार म्हणता येईल.

सुरुवातीची बहुतेक घरे भाड्याची किंवा विकत घेतलेली जुनी निवासस्थाने होती. मुद्दाम बांधलेल्या वास्तूंचा काळ विसाव्या शतकाबरोबर सुरू झाला आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकात त्याला बहर आला. कॅलिफोर्नियात स्थापत्याचा परवाना मिळवणारी पहिली स्त्री ज्युलिया मॉर्गन ही बर्कली येथे शिकत असताना कॅपा अल्फा थीटाची सदस्य होती आणि पुढे तिने त्याच संघटनेसाठी बर्कलीत घर बांधून दिले. मध्य-पश्चिमेकडील घरांनी ट्यूडर किंवा जॉर्जियन, म्हणजे जुन्या इंग्लंडची आठवण करून देणाऱ्या शैली पत्करल्या. बाहेरून सरदाराचा वाडा वाटणाऱ्या अशा घरात वरच्या मजल्यावर मात्र ‘स्लीपिंग पोर्च’ नावाचे लांबलचक दालन असे, जिथे दुमजली खाटांच्या रांगांवर सगळ्या मुली एकत्र झोपत आणि मोकळी हवा क्षयाला दूर ठेवते या त्या काळच्या समजुतीमुळे हिवाळ्यातही खिडक्या उघड्या ठेवत. निजण्याची सोय अशी एका दालनात उरकल्यामुळे खालच्या खोल्या अभ्यासाला मिळत आणि त्याच छपराखाली अधिक मुली मावत.

अधिक मुली मावणे हा कळीचा मुद्दा होता. अशा इमारतीची मालकी बहुधा माजी सदस्यांच्या गृहमंडळाकडे, म्हणजे इमारत बांधण्यासाठी व सांभाळण्यासाठी नोंदवलेल्या स्वतंत्र संस्थेकडे, असते; ती कर्ज काढते आणि मुलींच्या निवास-भोजनाच्या शुल्कातून ते फेडते. खाटा रिकाम्या राहिल्या तर हप्ता थकतो, म्हणून अनेक शाखांमध्ये ठरावीक काळ घरात राहणे सक्तीचे असते. सदस्य मिळावेत म्हणून घर देखणे हवे आणि देखण्या घराचे कर्ज फिटावे म्हणून पुन्हा सदस्य हवेत, असे हे चक्र आहे, आणि १९३० च्या दशकातील मंदीत ते अनेक शाखांच्या अंगाशी आले.

घराचा हा उपयोग सर्वांत उघडपणे दिसतो तो ‘रश’च्या, म्हणजे सदस्यनिवडीच्या, दिवसांत. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाप्रमाणे येथेही थोडक्या वेळात एकमेकींना पारखायचे असते. फरक इतकाच की पाहायला येणारीच नकाराच्या धास्तीत असते. उमेदवार मुली फुटपाथवर रांगेत उभ्या राहतात; दार उघडताच चौकटीत दाटीने उभ्या असलेल्या सदस्या टाळ्या वाजवत गाऊ लागतात, आणि मग एकेक सदस्य एकेका पाहुणीला आत नेते, चार शब्द बोलते आणि दुसरीच्या हवाली करते. एकाच वेळी अशी शेकडो संभाषणे चालवायची तर दिवाणखाना प्रशस्त हवा आणि आवाज न घुमणारा हवा. जिन्याला वळण हवे, कारण समूहाचे छायाचित्र तिथेच निघते. दाराबाहेर रुंद पायऱ्या हव्यात, कारण निवड झालेल्या मुली निमंत्रण हाती घेऊन धावत येतात तेव्हा त्यांचे स्वागत तिथेच होते. ज्या खोलीत संघटनेचे गुप्त विधी होतात ती पुष्कळदा तळघरात असते आणि उमेदवारांना दाखवली जात नाही. संघटना स्वतःचे मर्म जिथे मानते ती जागा अशी आकर्षणाच्या हिशेबाबाहेर राहते. सोरोरिटींची राष्ट्रीय परिषद १९०२ पासून निवडीचे नियम घालत आली आहे. तिने पुढे सजावट, नाटुकली, भेटवस्तू यांवर मर्यादा आणल्या. पण उचलून ठेवता येणारी सजावट कमी झाली की भिंती, झुंबरे आणि खांब यांचाच प्रभाव उरतो, आणि त्यांवर नियम चालत नाही.

खांबांचे प्रस्थ विशेषतः दक्षिणेत. जॉर्जियातील अथेन्स गावी मिलेज अॅव्हेन्यूवरील एकोणिसाव्या शतकातील हवेल्या सोरोरिटींनी घेतल्या, तर अलाबामा विद्यापीठात २०१० नंतर जुनी घरे पाडून त्यांच्या जागी उंच पांढऱ्या खांबांची, एक कोटी डॉलरच्या पलीकडे खर्चाची भवने उभी राहिली. नव्या विटांना दिलेले हे जुने रूप गुलामगिरीच्या काळातील मळेवाल्यांच्या घरांचे आहे, हे विसरून त्याकडे केवळ सौंदर्य म्हणून पाहता येत नाही. २०१३ मध्ये तेथील विद्यार्थी-वृत्तपत्राने, कृष्णवर्णीय उमेदवार वंशामुळे डावलल्या जात असून त्यात माजी सदस्यांचा हात असल्याचे उघडकीस आणले, तेव्हा घराची मालकी आणि देणग्या ज्यांच्या हाती त्यांचे निवडीत किती चालते, हेही त्या निमित्ताने दिसले. २०२१ मध्ये टिकटॉकवर याच विद्यापीठातील निवडीच्या चित्रफितींची मालिका देशभर पाहिली गेली आणि त्या दर्शनी भागांना गावाबाहेरचा प्रेक्षक मिळाला.

घराशिवाय आकर्षण टिकते का, याची उदाहरणेही आहेत. ओहायोतील मायामी विद्यापीठात डेल्टा झीटाचा जन्म १९०२ मध्ये झाला, पण तेथील सोरोरिटींना स्वतंत्र घरे नाहीत. वसतिगृहातील राखीव दालनांवर त्या भागवतात. (अनेक स्त्रिया एकत्र राहिल्या तर कायदा त्या घराला कुंटणखाना ठरवतो, म्हणून घरे नाहीत, ही कितीतरी गावांत सांगितली जाणारी गोष्ट निव्वळ दंतकथा आहे.) तिथेही शाखांमध्ये उच्च-नीच मानले जातेच, फक्त ते रस्त्यावरून दिसत नाही. हॉवर्ड विद्यापीठात १९०८ मध्ये स्थापन झालेल्या अल्फा कॅपा अल्फा आणि १९१३ मधील डेल्टा सिग्मा थीटा या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटनांच्या बहुतेक शाखांनाही घर नाही. तेथे सदस्यत्व पदवीनंतरही सक्रिय राहते, पदवीधरांच्या वेगळ्या शाखा असतात, आणि उमेदवाराला ओढ वाटते ती समाजकार्याची, पावलांच्या ठेक्यावर चालणाऱ्या ‘स्टेप’ नृत्याची आणि आई-मावशी ज्या संघटनेत होत्या तिच्या नावाची.